कलम चौदा

येशू सर्वत्र आहे. बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागातल्या, सातव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये मात्र तो भाडेकराराच्या चौदाव्या कलमानुसार होता: जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवरची तसबीर भाडेकरूंनी काढू, हलवू वा झाकू नये.

प्रतिमा खुर्चीवर उभी राहून त्याच तसबिरीचं कपाळ पुसत होती. साडेदहा झाले होते. अकराला घरमालकीण मिसेस क्रास्टा येणार होत्या, करार वाढवायचा की नाही ते सांगायला.

"निघतंय का?" नवऱ्याने, सुहासने, खालून खुर्ची धरत विचारलं.

"गंध निघालं. त्याच्याबरोबर थोडं कपाळही निघालं."

गंध सुनंदाबाईंचं, म्हणजे सुहासच्या आईचं. आंघोळ झाली की त्या देव्हाऱ्यातल्या देवांना गंध लावत आणि उरलेलं बोट येशूला. जेवणाआधी त्याच्यासमोर ताट ठेवून भोवती पाणी फिरवत. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. "घरात बसलाय, आणि आपण एकट्यांनीच जेवायचं?" एवढंच त्यांचं म्हणणं.

तो बसलाय हे बाकीच्यांनाही जाणवत असे. नणंदेबद्दल जे काही असेल ते प्रतिमा स्वयंपाकघरात जाऊन बोले. 'निघालोय, सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकलोय' हे मॅनेजरला सांगायला सुहास बाथरूममध्ये जाई. अकरा महिन्यांत त्या टेबलावर कुणाचा आवाज चढला नव्हता.

पण घर हवं होतं ते आईच्या डायलिसिससाठी. आठवड्यातून तीनदा, रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात, व्हीलचेअर ढकलत चार मिनिटं. दुसरीकडे कुठेही राहायला गेलं तर रिंग रोडवरून जायला दीड तास. यायला किती, ते कुणीच सांगू शकत नाही.

"स्केचपेनने भरू का?" प्रतिमाने विचारलं.

"कुठल्या रंगाने?"

"कातडीच्या."

"कुणाच्या?"

तेवढ्यात बेल वाजली. दहा मिनिटं आधीच.

मिसेस क्रास्टा सत्तरीच्या, मंगळूरच्या, पायात स्पोर्ट्स शूज. आत आल्या त्या थेट भिंतीकडे बघत. सुहास इंग्रजीत काहीतरी सुरू करणार, तोच सुनंदाबाई मराठीत म्हणाल्या, "बसा. आज माझा डायलिसिसचा दिवस, जेवण लवकर असतं. वेळेवर आलात."

"नाका, बायो," त्या कोंकणीत नको म्हणाल्या आणि बसल्या. समोर वाढलेलं ताट होतं, भोवती पाण्याचं ओलं कडं. "हे कुणाचं?"

"त्याचं." सुनंदाबाईंनी भिंतीकडे हात केला. "घ्या तुम्ही. तो काही संपवत नाही."

मिसेस क्रास्टा जेवल्या. वरण दोनदा घेतलं. सुहास उभाच होता. प्रतिमाने ओलं फडकं पाठीमागे धरलं होतं आणि त्यातलं पाणी तिच्या टाचेवर ठिबकत होतं. मग मिसेस क्रास्टांनी मान वर केली.

"इथं कपाळाला काय झालं?"

सुहासकडे वाक्य तयार होतं: उन्हाने झालं असेल, मॅम. त्या भिंतीवर ऊन येत नव्हतं, पण अडचण ती नव्हती. अडचण भिंतीवरून त्याच्याकडे बघत होती. अशा वेळी माणूस बाथरूममध्ये जातो. आता तेही बरं दिसलं नसतं.

"आई गंध लावते," तो म्हणाला. "रोज. तुम्ही येणार म्हणून आम्ही पुसायला गेलो, तर रंगच निघाला."

सुनंदाबाईंनी शांतपणे ताक वाढलं.

मिसेस क्रास्टा ते प्यायल्या आणि त्यांनी पेला ठेवला. "अकरा महिने आणखी. पेपर्स एजंट आणून देईल."

प्रतिमा खुर्चीत बसली. फडकं तिच्याखाली गेलं, तरी ती उठली नाही. "आणि तसबीर?"

"दुसरी लावा. कुठलीही. तुमचा गणपती चालेल."

"पण ते कलम…"

मिसेस क्रास्टा काहीतरी सांगणार होत्या. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या ताटाकडे, आणि सांगायचं ते बदललं.

"माप तेवढं हेच ठेवा. तीन फूट बाय दोन."

"का?"

"मागे ओल आहे. वरच्यांचं बाथरूम गळतं."