चांदनीपर्यंतची पाळत

"क्लासले जाते, आत्या," म्हणत उषाने सायकल ओट्यावरून खाली उतरवली.

सरुबाईने नुसती मान हलवली. सून गल्लीच्या वळणापार गेली तशी तिने लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि नवरा वारल्यापासून पडून असलेली सायकल बाहेर काढली.

शिवणाचा क्लास म्हणे! दसऱ्यापासून घरात एक साधं झबलंही शिवून झालं नव्हतं. उलट सून यायची ती ओल्या केसांनी. टाके घालताना केस कसे भिजतात, ते कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

देशातली संस्थानं तेव्हा एकेक करून विलीन होत होती. सरुबाईच्या लोधीपुऱ्यातल्या संस्थानात मात्र बंडाची चिन्हं दिसत होती. एकुलता एक सुरेश नेपानगरला कारखान्याच्या बांधकामावर, घरी यायचा फक्त रविवारी. त्याच्या माघारी सून पळून गेली तर पोरगा उभ्या जन्मात सावरणार नाही, या धास्तीने सरुबाईला घास गोड लागत नव्हता. बोलायचं तरी कोणापाशी? मग तिने स्वतःच पाळत ठेवली. लवकर लग्न झालेली बाई, अजून चाळिशीही गाठली नव्हती.

पण पाळत ठेवणं सोपं नव्हतं. उषा तापीत उडी घ्यायची ती थेट पलीकडच्या काठाला लागायची. तिथे कोण भेटतं? ते बघायला सरुबाईने आधी कमरेला वाळके भोपळे बांधून पोहायला सुरुवात केली, पुढे तेही सोडले. परत आली की उषा ओलेत्यानेच सायकल हाणायची. त्यासाठी सरुबाई जसोंडी गावातल्या केळीच्या शेतात पडत-झडत सायकल शिकली.

"गुडघे काय फुटले व?" शेजारच्या गोदाबाईने विचारलं.

"ओट्यावरून पडली."

खरा संशय पुढेच होता. चांदनी गावाच्या अलीकडे उषा चांगली धड सायकल निंबाला टेकवायची आणि स्टेशनापर्यंत पळत सुटायची. फाटकाला हात लावायचा की परत. गाडीत बसायचा धीर होत नसेल अजून, मागून पळत आलेली सरुबाई मनाशी म्हणायची. पूर्वी तिला धाप लागायची, हल्ली तीही लागत नव्हती. थंडी असो, पायाला फोड असोत, उषाने एक खेप चुकवली नाही, म्हणून हिनेही नाही.

संक्रांतीनंतर घाटावर शाळेतला मधुकर मास्तर दिसला, हातात घड्याळ. "सव्वीस तारखेले काही झालं तरी चांदनी गाठायची," तो उषाला म्हणाला. "मागं वळून पाह्यचं नाही."

म्हणजे पळायची तारीखही ठरली! मास्तरसुद्धा सामील!

सव्वीस जानेवारीच्या सकाळी उषा सासूच्या पाया पडली. "येते, आत्या."

निरोपच घेतेय कार्टी. सरुबाईला राग आला आणि रडूही आलं. आज मागे राहून चालणार नव्हतं. आज तिच्या आधी पोचायचं होतं.

घाटावर देशाच्या नव्या सणाची गर्दी होती. झेंडे, बँड, सायकली घेऊन आलेले लोक, नदीत उड्या टाकणारे हौशी. त्यांच्यात उषाही उडी घेताना दिसली. सरुबाईने मागोमाग उडी टाकली. पलीकडे नुसता झेंडा धरलेला माणूस. ती तशीच परतली. रस्त्यात सायकलवर पदर दातात धरून तिने सुनेला मागे टाकलं, निंबाला सायकल टेकवली आणि धावत सुटली.

स्टेशनाच्या फाटकात मधुकर मास्तर उभा होताच. रस्त्यावर आडवी झेंडूची माळ धरली होती. ती तोडून सरुबाईने त्याचा सदरा पकडला.

"माह्या सुनेले कुठी नेतो रे?"

"कुठीच नाही, बाई." सदरा सोडवून घेत मास्तर गर्दीकडे वळला. "नदी, सायकल अन् पळणं, तिन्हीच्या शर्यतीत बायांमधी पहिली, सरुबाई चुडामण, लोधीपुरा!"

टाळ्या पडल्या. सरुबाईने पुन्हा त्याचा सदरा धरला. "माहं नाव कोणी सांगितलं तुले?"

तेवढ्यात उषा पोचली. गुडघ्यांवर हात टेकून तिने आधी श्वास घेतला.

"मीच दिलं होतं, आत्या. माह्या नावाबरोबरच. तुमी येणार, हे पक्कं होतं."