मिश्रीची डबी

शाळेतल्या शिबिरात दात तपासून घ्यायचे म्हणून अनसाक्कांनी सकाळी दोनदा मिश्री लावली होती. तरीही डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवलाच. "मिश्रीतल्या तंबाखूनं झालाय. आजपासून बंद करा."

अनसाक्का गोंधळल्या. "दुखत तर काहीच नाही. अन् मिश्री तर दात शाबूत राहावेत म्हणून लावते मी."

"दुखायच्या आधी आलात म्हणून बरा होण्यासारखा आहे. आता दर सहा महिन्यांनी दाखवायचं."

कमरेला खोचलेली डबी त्यांनी टेबलावर ठेवली खरी, पण उद्या तोंड कशानं धुवायचं ते कळेना. त्यांनी सोबत आलेल्या सुनेकडं पाहिलं. तिनं पर्समधून तसलीच डबी काढून शेजारी ठेवली.

लग्नानंतर पहिल्याच सकाळी अनसाक्कांनीच ती तिच्या हातात दिली होती, दात शाबूत राहावेत म्हणून.