नमुन्याचा तास

कुणीच हात वर केला नाही.

जोन प्रुइटनं फळ्यावर पंधरा घरांचं एक गाव काढलं होतं. नऊ घरं एका पक्षाची, सहा दुसऱ्याची. गावाचे तीन सारखे मतदारसंघ करायचे. पण असे, की सहा घरांच्या पक्षाला दोन जागा मिळाव्यात. सीमा कुठून काढाल?

सकाळचे सव्वाआठ झाले होते. तीस मुलं समोर बसली होती. काही हातातल्या कॉफीकडे बघत होती, काही खिडकीबाहेरच्या बर्फाकडे. जोननं घाई केली नाही. ती बाकांमधून चालत गेली आणि तिनं खडू एका मुलाच्या हातात दिला.

"चुकलं तर पुसू," ती म्हणाली.

त्यानं बिचकत एक रेघ ओढली. शेजारच्या मुलीनं ती पाहून नाक मुरडलं आणि दुसरी सुचवली. तास संपेपर्यंत तोंड उघडलं ते या दोघांनीच.

मागच्या रांगेत बसलेल्या लोइस टेंडालनं वहीत आकडा लिहिला: दोन. लोइस भूगर्भशास्त्राची प्राध्यापक. राज्यशास्त्र विभागाला एक सहायक प्राध्यापक नेमायचा होता, आणि निवड समितीत एक जण बाहेरच्या विभागातला हवा असा विद्यापीठाचा नियम होता, म्हणून तिला बोलावलं होतं. जागा साधीसुधी नव्हती. सहा वर्षं नीट काम केलं की माणूस जन्मभरासाठी कायम. अडीचशे अर्जांतून दोघंच शेवटच्या फेरीपर्यंत पोचले होते. त्यातली जोन इथेच नऊ वर्षं शिकवत होती, दरवर्षी नव्या करारावर. ही जागा दुसऱ्या कुणाला मिळाली तर तिचे विषय त्याच्याकडे जाणार होते आणि तिचा करार मे महिन्यात संपणार होता.

समितीचा अध्यक्ष वॉरन हॅगन निवडणुकांचा अभ्यासक होता. न्याय्य निवडणूक कशी घ्यावी यावर त्याची दोन जाडजूड पुस्तकं होती. नमुन्याच्या तासाचे नियमही त्यानंच घालून दिले होते. दोघांना धडा एकच. वेळ सारखीच. आणि आपल्या स्वतःच्या वर्गावर कुणी तास घ्यायचा नाही.

दहा वाजता दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या मुलांपुढे एलियट ब्रँड उभा राहिला. पूर्वेकडच्या एका नामांकित विद्यापीठातून तो आला होता. पोरगा हुशार होता, आणि नम्रही. त्यानंही तेच गाव काढलं. त्याचा प्रश्न संपायच्या आत पाच हात वर गेले.

"सीमा काढणारे सगळेच लबाडी करतात," एक मुलगी म्हणाली.

"पुरावा?" मागून तिघं एकदम म्हणाले.

मुलगी चिडली नाही. वही उघडून पानं चाळू लागली. एलियट क्षणभर गांगरला, मग हसला, आणि मग त्यालाही रंग चढला. लोइस हात मोजत राहिली. एकोणीस.

चार वाजता समिती बसली.

"पहिला तास म्हणजे स्मशान होतं," वॉरन म्हणाला. "मी सारखा घड्याळाकडे बघत होतो."

"तू लग्नातही घड्याळाकडेच बघतोस," फिलिस म्हणाली. ती विभागातली सगळ्यात जुनी. तिचं मत जोनला होतं.

"थट्टा पुरे, फिलिस. नऊ वर्षं शिकवूनही मुलांना बोलतं करता येत नसेल, तर कधी येणार? शिकवणाऱ्यात दम असला की वर्ग बोलतोच. सबबी नकोत. एलियटच्या तासाला बघितलंस ना?"

ते फिलिसलाही नाकारता येईना. मतं झाली. जोनला दोन, एलियटला दोन.

"आता तुमच्यावर आहे, लोइस," वॉरन म्हणाला. "तुमच्या दगडांपेक्षा हे सोपं. आज कोण बोललं आणि कोण गप्प बसलं, एवढंच बघायचं."

लोइसनं वही उघडली. दोन आणि एकोणीस. फरक ढळढळीत होता. एलियटच्या नावापुढे खूण करायला तिनं पेनाचं टोपण काढलंही. पण आकड्यांच्या खाली तिनं आणखी एक ओळ लिहून ठेवली होती. 'पुरावा? – सात वेळा.'

ती त्या ओळीकडे बघत राहिली. तिचा सगळा जन्म खडकांचे थर वाचण्यात गेला होता. एका तासात बसलेला थर तिनं कधी पाहिला नव्हता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी बाहेरची, मला ठाऊक नाही. कुणी काही बोललं की ती मुलं लगेच पुरावा मागत होती. एलियटनं तर त्यांना तसं काही सांगितलं नव्हतं. रोज त्यांना कोण शिकवतं?"

"जोन," फिलिस म्हणाली आणि एकदम थांबली. तोंडातून गेलेला शब्द आत्ताच तिच्या कानांवर पडल्यासारखी. "जोनचाच वर्ग तो. नियम होता ना... म्हणून एलियटला दिला."

ही गोष्ट लोइस सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

"असं," लोइस म्हणाली. "आणि सकाळची ती गप्प मुलं? ती कुणाची?"

फिलिसनं वॉरनकडे बघितलं. बाकीच्या दोघांनीही बघितलं. वॉरननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझी," तो म्हणाला.