अर्ध्या वाक्यावर

"आराखडा कुठं ठेवलाय, बौदी?" अनादिबाबूंनी पुन्हा विचारलं.

त्यांच्या लेखक-मित्राच्या, बिभासच्या बायकोनं, सुरमाबौदींनी, मान हलवली. "आराखडा? अहो, ते हिलसा मासा आणायला जायचे आणि फणस घेऊन यायचे. त्यांच्याकडे कसला आराखडा, ठाकुरपो!" वहिनी म्हणून त्या अनादिबाबूंना धाकट्या दिराच्या नात्यानं हाक मारत.

बिभासचं श्राद्ध नुकतंच झालं होतं. त्याच्या कादंबरीसाठी मासिकाचा दुर्गापूजेचा अंक अडून बसला होता. हस्तलिखित वाक्याच्या मध्येच थांबलं होतं: 'नावेतून उतरलेला माणूस घाटावरच्या कमलेला म्हणाला'. पुढं पान नव्हतं. अनादिबाबू कादंबरी पुरी करतील, असा शब्द बौदींनी संपादकांना परस्पर देऊन टाकला होता.

अनादिबाबूंनी एकही कादंबरी लिहिलेली नव्हती. नोकरीत असल्यापासून ते एकाच कादंबरीची तयारी करत होते. गावाचा नकाशा, घराण्यांच्या वंशावळी, प्रकरणवार टिपणं, सगळं सिद्ध होतं. पहिलं वाक्य तेवढं राहिलं होतं. बिभास म्हणायचा, "अरे, तुझ्या गावात रस्ते झाले, तळी झाली. माणसं राहायला कधी येणार?" तेव्हा अनादिबाबूही हसत. अलीकडे हसू येत नसे. आता कोणी येणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

ते मित्राच्या टेबलाशी बसले. नावेतला माणूस कोण? नवरा, भाऊ, की सावकार? त्यांनी कोष्टक आखायला घेतलं. दाराशी छापखान्याचा माणूस ताटकळत होता. त्यानं आत डोकावून पाहिलं.

"दादा, आम्हांला कोष्टक छापायचं नाहीये."

अनादिबाबू ओशाळले. त्यांनी कागद बाजूला सारला आणि कसंबसं लिहिलं: 'तहान लागलीय.' त्याला तहान लागली म्हणून कमला पाणी आणायला गेली. तांब्या घेऊन परतली, तर नाव सुटलेली. माणूस मात्र घाटावरच बसलेला.

अनादिबाबू थबकले. हे त्यांनी ठरवलं नव्हतं. मग ते लिहीतच राहिले.

दिवेलागणीला बौदींनी शेवटचं पान वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"बिभासनं असाच शेवट केला असता?" अनादिबाबूंनी भीतभीत विचारलं.

"नाही. त्यांचा वेगळा होता."

"म्हणजे... लिहिला होता?"

"पुरा. इस्पितळात जाण्याआधी मला जाळायला लावला. म्हणाले, 'अनादि येईल. आराखडा मागेल. काही देऊ नकोस. जन्मात एकदाच मी पुढचं सगळं ठरवून ठेवलंय.'"