नालबंदाचं जाकीट

नोएडातल्या आमच्या कारखान्यात अमेरिकेतल्या जुन्या यादवी युद्धातल्या लढायांचे नाट्यप्रयोग करणाऱ्या हौशी लोकांसाठी घोडदळाचे गणवेश शिवतात. माल तपासणं हे माझं काम. जाकिटं तुकडीतल्या हुद्द्यांप्रमाणे टांगलेली असतात: कप्तान, सार्जंट, बिगुलवाले, घोड्यांना नाल ठोकणारे नालबंद, मग शिपाई.

इस्त्रीची वाफ आत राहू नये म्हणून पॅकिंगआधी मी प्रत्येकाचं तापमान घेते. डिसेंबरची सकाळ होती. सगळी जाकिटं चौदा अंशांवर होती, हॉलइतकीच. फक्त बाहीवर नाल असलेलं नालबंदाचं जाकीट छत्तीस पूर्णांक आठ, माणसाच्या अंगाइतकं.

मी थर्मामीटर बदलून पाहिला. आकडा तोच.

"काका, याला आत्ता इस्त्री केलीत?" मी आमच्या मास्टरना, सूर्यकांतकाकांना विचारलं.

"परवा केली. सुमित्राने शिवलेलं शेवटचं आहे ते."

सुमित्राकाकूंना जाऊन पंधरा दिवस झाले होते. कामाला बसण्याआधी त्या रोज काकांच्या कॉलरचं बटण लावून द्यायच्या. आता ते उघडंच असायचं.

"बाराला ट्रक येईल," काका म्हणाले. "बेटा, एवढं एक ठेवता येईल?"

मागे ठेवायचं तर नापास करावं लागतं, नापास करायचं तर कारण लिहावं लागतं, आणि खोटं मी लिहीत नाही. मी लिहिलं, 'गरम आहे.'

"अच्छा! हे चालतं?" काका हसले. दोन्ही हातांनी जाकीट छातीशी घट्ट धरून त्यांनी त्यात तोंड लपवलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. हात अजून जाकिटाभोवतीच होते.

काकांच्या कॉलरचं बटण लागलेलं होतं.