दोनशे चौदा वेळा

तुम्ही खोटं बोललात. गाणी ऐकवणाऱ्या ॲपचे मालक तुम्ही, तुम्हीच अक्षदाला लिहिलंत, "तुमच्या खात्यावरून एक गाणं नऊ दिवसांत दोनशे चौदा वेळा वाजलं. कोणताही माणूस असं ऐकत नाही. हे यंत्राचं काम आहे. सात दिवसांत खुलासा करा, अन्यथा गाणं काढून टाकू." खाली सही नाही. नाव नाही.

अक्षदाने हे वाचलं तेव्हा ती आसनगावच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. तिने दोनदा वाचलं. हे गाणं तिने स्वतः फार तर वीस वेळा ऐकलं होतं.

राहते ती खर्डीच्या पुढे, पाड्यावर. इंग्रजी सुधारावं म्हणून तिकडची गाणी ऐकायला लागली आणि मग तिला नादच लागला. नावाजलेले गायक तिला नकोत. ब्रिटनमधले नवे, आपलं गाणं आपणच लिहून गाणारे, ज्यांना पन्नास माणसंही ऐकत नाहीत, असे ती हुडकते. 'अजून कुणी ऐकलं नाही' नावाचं इंटरनेटवर तिचं एक पान आहे. त्यावर चार ओळी मराठीत, चार ओळी मोडक्या इंग्रजीत. मस्कतची एक नर्स, नैरोबीचा एक मास्तर, अशी तीनेकशे माणसं ते वाचतात. पाड्यावरचं एकही नाही. रेश्मा, तिच्याबरोबर गोदामात असते ती, म्हणायची, "त्या गोऱ्यांची जाहिरात करतंस फुकट. ते तुला वळखतात तरी का गो?"

एक ओळखत होती. नेल. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या गावात मासळीच्या कारखान्यात कामाला. दोनशे चौदा वेळा वाजलेल्या तिच्या त्या गाण्यात समुद्र घराच्या पायरीपर्यंत येतो आणि शेवटी एकच ओळ अकरा वेळा: 'टाइड, वोन्ट यू वेट.' भरती, थांब ना जरा. ऐकणारे नऊ. अक्षदाने पानावर लिहिलं आणि नऊचे एकसष्ट झाले. नेलने कळवलं होतं, "मी गाणं सोडणार होते. आता नाही सोडत."

खोट्या श्रोत्यांचं पत्र तुम्ही नेललाही धाडलंत. त्याच दुपारी तिची एक ओळ आली.

"अक्षदा, तू तरी खरी आहेस ना?"

अक्षदाने चिकटपट्टी खाली ठेवली. गाणं कधी कधी वाजलं त्याचा तक्ता तुम्ही पत्राला जोडला होता, तो उघडला. वाजवण्याच्या वेळा सगळ्या अकरा ते चारमधल्या. त्या वेळी ती गोदामात. तिचा जुना फोन मात्र, त्याच खात्याचा, घरी असतो, आईपाशी. तिने अर्धी सुट्टी टाकली.

दार उघडंच होतं. आई, जनाबाई, पडवीत नाचणी पाखडत बसली होती. आवाज मोठा यावा म्हणून फोन पितळी तांब्यात उभा ठेवलेला. तांब्यातून नेल गात होती. शेवटची ओळ आली तशी जनाबाईने सूप थांबवलं, मान वर केली आणि रस्त्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "ओ! आले गो, आले!"

गाणं संपलं. तिने तांब्यात हात घालून फोनवरचा त्रिकोण पुन्हा दाबला.

"आई, काय करतेस?"

"आलीस? बरी लवकर. आता ही पोर बघ ना, किती हाका मारते. ताई, वाटं ये. ताई, वाटं ये."

अक्षदा उंबऱ्यातच बसली. टाइड, वोन्ट यू वेट. ताई, वाटं ये, वाटेवर ये. एकदा कानात बसल्यावर तिलाही दुसरं काही ऐकू येईना. आईची धाकटी बहीण, भिमीमावशी, जाऊन तीन वर्षं झाली होती. जनाबाईला ताई म्हणणारं त्यानंतर कुणी उरलं नव्हतं. पाड्यावर सगळ्यांची ती काकू.

"आई, ती भिमीमावशी नाय."

"माला येड लागलंय का गो? भिमी कशी असंल? पन कुनाची तरी धाकटी हाये ती. हाकेला ओ दिली का मानूस गप होतो. हिला कुनी ओच देत नाय. म्हनून तेच तेच म्हनते बिचारी. मंग मी देते. दमते कवा कवा, पन देते."

अक्षदाने तिला खरी ओळ सांगितली नाही. तिने तुमचा खुलाशाचा रकाना उघडला. अक्षरं तीनशेच मावत होती. तिने लिहिलं, "आमच्या घरी एक खातं, दोन माणसं. ऐकणारी माझी आई, जनाबाई. तिला वाटतं गाणारी एकटी आहे आणि हाक मारते आहे. ती दर वेळी ओ देते. यंत्र ओ देत नाही. हवं तर फोन करा, ती तुमच्याशीही बोलेल." तेच तिने नेललाही पाठवलं.

खुलासा धाडला तीन वाजून बारा मिनिटांनी. तुमचं उत्तर चार सेकंदांत आलं. "आम्ही तुमचं म्हणणं काळजीपूर्वक वाचलं. निर्णय कायम." तांब्यातलं गाणं ओळीच्या मध्येच तुटलं.

जनाबाईने त्रिकोण दाबला. पुन्हा दाबला. थोडा वेळ कान देऊन बसली. मग सूप उचललं आणि हसली.

"गप झाली. भेटली वाटतं हिला हिची ताई."

साहेब, चार सेकंदांत काळजीपूर्वक कुणी वाचलं? त्या माणसाचं नाव सांगा.