फ्रेंच वाटणी

"मॅडम, खरं खरं सांगा. हे मशीन बाई हाय का बुवा?"

दुर्गाबाईंनी विचारलं आणि शिलाई मशीनवर अशी थाप मारली, की त्याच्यावर चिकटवलेली निळी चिठ्ठी हलली. जालन्याच्या कॉलेजात फ्रेंच शिकवणाऱ्या पुष्पा मॅडम अजून पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. त्या आपल्या रोजच्या गाडीनं औरंगाबादला घरी निघाल्या होत्या. बदनापूर स्टेशनात दुर्गाबाई डब्यात शिरल्या आणि हाताला धरून त्यांना खाली उतरवूनच घेऊन आल्या.

सगळं सुरू झालं दुर्गाबाईंच्या लेकीपासून, द्वारकापासून. फ्रेंचला मार्क धो धो पडतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तिनं अकरावीला तो विषय घेतला. तेव्हापासून ती घरभर बोट दाखवत फिरायची. पलंगाकडे बोट, 'स'. टेबलाकडे बोट, 'सेत'. शेवटी तिचा काका मच्छिंद्र भडकला.

"ही पोरगी काय वाटून राह्यली?"

त्याचंही चूक नव्हतं. त्या घरात वाटणीशिवाय दुसरा विषयच नव्हता. शेत मोजून झालं होतं, मधल्या भिंतीच्या विटा अंगणात येऊन पडल्या होत्या, पण घरातल्या वस्तूंवर गाडं अडलं होतं. थोरले काकासाहेब, म्हणजे द्वारकाचे वडील, काही बोलले की मच्छिंद्रला त्यात डाव दिसायचा. मच्छिंद्र बोलला की काकासाहेबांना. चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, तर एका चिठ्ठीचा कोपरा मुडपलेला निघाला. मग काय, दोघा भावांचं बोलणंच बंद झालं.

"काका, मी 'हा' आणि 'ही' पाठ करून राह्यले," द्वारका म्हणाली. "फ्रेंचमध्ये वस्तू बुवा असली तर 'स' म्हणायचं, बाई असली तर 'सेत'. आपल्यात कसं हा, ही, हे असे तीन हायेत. तिकडं दोनच."

"दोनच? बराबर दोन?" मच्छिंद्र सरसावून बसला. "अन् बाई कोण, बुवा कोण, हे कोण ठरवतं?"

"कुणीच न्हाई. आधीपासून ठरलेलं हाय. त्याला काही कारण बी न्हाई."

कारण नाही म्हटल्यावर डावही नाही! शिवाय फ्रान्समध्ये ना काकासाहेबांचं सोयरं, ना मच्छिंद्रचं. दोघंही लगेच कबूल झाले. बाई निघेल ती वस्तू थोरल्याची, तिला लाल चिठ्ठी. बुवा निघेल ती धाकट्याची, तिला निळी. द्वारका काखेत पुस्तक मारून चिठ्ठ्या चिकटवत सुटली.

आणि काय सांगावं, वाटणी झालीसुद्धा! टेबल लाल, पलंग निळा. आरसा निळा निघाला तेव्हा दुर्गाबाईंनी तोंड फुगवलं, पण भांडणार कुणाशी? घरातला एकुलता एक पंखा लाल निघाला. घामोळ्यांनी जीव नकोसा झालेले काकासाहेब त्याच्याखाली उघडे पसरले आणि म्हणाले, "फ्रान्सची माणसं बिलकुल इमानदार हायेत." शिलाई मशीन निळं निघालं आणि मच्छिंद्रची बायको उषाबाई देवापुढे साखर ठेवून आली. गावातल्या बायांचे ब्लाउज शिवून तीच घरखर्चाला हातभार लावायची. वेगळं झाल्यावर मशीन नसतं, तर तिच्या चुलीचं काही खरं नव्हतं.

दुर्गाबाईंना तर सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता. पण मशीन गेलं, हे त्यांना पचेना.

"मशीनवर बसती बाई, शिवती बायांचं, अन् मशीन बुवा कसं काय?" त्या म्हणाल्या. "आता हिच्या मॅडमलाच घरी आणून इचारते. एक जरी चिठ्ठी खोटी निघाली, तर समदी वाटणी मोडली म्हणून समजा. पुन्हा पह्यल्यापासून!"

काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. मच्छिंद्रनं तणतणत बाहेर जायला जोडे चढवले. आणि द्वारकाच्या तोंडचं पाणी पळालं, कारण पुष्पा मॅडमना ती चांगली ओळखून होती. चूक दिसली की बाई थांबायच्याच नाहीत. साधं टिंब सुटलं तरी मार्क कापायच्या. एकदा तर भर सभेत त्यांनी पाहुण्यांचं भाषण मध्येच थांबवून दुरुस्त केलं होतं.

आता मॅडमनी मशीन पाहिलं. मग मान वर करून फिरता पंखा पाहिला. त्याच्या दांडीला लाल चिठ्ठी होती. मॅडमच्या भुवया वर गेल्या. त्यांनी द्वारकाकडे पाहिलं, तर ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. उषाबाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला होता आणि तो काही त्यांना काढवत नव्हता.

"बोला की मॅडम," दुर्गाबाई म्हणाल्या. "बाईच ना?"

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"बुवा," त्या म्हणाल्या. "एकदम पक्का बुवा."

उषाबाईंना रडू फुटलं. दुर्गाबाईंनी मशीनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हात झटकून म्हणाल्या, "मंग न्या बाई त्याला तुमच्याकडं. मेला आडदांड!" सगळे हसले. दोन्ही जावांनी मिळून पोहे केले, आणि काकासाहेबांनी मॅडमना मानानं पंख्याखाली बसवलं.

पुढच्या गाडीला द्वारका त्यांना सोडायला गेली. गाडी लागली. मॅडम पायरीवर चढल्या, वळल्या आणि त्यांनी द्वारकाचा कान चांगला पिरगाळला.

"पेपरात मशीन लाल लिही आणि पंखा निळा. घरची वाटणी घरीच ठेव."